सुमित्राच्या डिशमधला तांदूळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तिच्या शेवटच्या दुखण्यात उशाशी बसले होते तेव्हाही नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा मुद्दाम भलत्याच गोष्टी मागते, त्याचं लक्ष इकडं वळू नये म्हणून. आता तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट माहीत नाही. तुम्ही अनोळखी आहात म्हणून असेल. ओळखीच्या माणसाचा चेहरा डोळ्यांदेखत बदलताना बघायची माझ्यात ताकद नाही.

मी लातूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. डॉक्टर व्हायला आलेली पोरं असतात, खेड्यापाड्यांतून येऊन खोल्या करून राहतात, मेसचा डबा खातात आणि मी जे बोलेन ते खाली मान घालून उतरवून घेतात. त्यांच्यात माझं नाव चांगलं आहे. पण दरवर्षी एका तासाला माझी जीभ अडखळते. पोरांना वाटतं मॅडमच्या घशात खडूची धूळ गेली. एक जण हमखास पाण्याची बाटली आणून देतो. मी पिते.

तो तास वर्गीकरणाचा. पुस्तकात आहे ते शिकवून झालं की मी जरा पुढचं सांगते. म्हणते, उकिरड्यावर उगवणारी कुत्र्याची छत्री तुम्हाला झाड वाटते ना? ती झाड नाही. अंगणातल्या तुळशीपेक्षा ती तुम्हाला जवळची आहे, तुमची चुलत बहीण समजा. पोरं हसतात. मग फळ्यावर एक खोड काढते. त्याची एक फांदी जाते बुरशीकडं आणि प्राण्यांकडं, दोघांचं घराणं एकच. त्या घराण्यातले काही नातेवाईक अजून एका पेशीचेच राहिलेत, डबक्यात, ओल्या मातीत, आपल्या पायाखाली. आणि शेजारच्या फांदीवर आपले ओळखीचे अमिबा, जाड बोथट पायांचे, पुस्तकात चित्र असतं ते. इथवर ठीक असतं. मग सांगावं लागतं की पोरांनो, अमिबा हे काही आडनाव नाही, ती नुसती चालायची पद्धत आहे. अमिबासारखा दिसणारा, अमिबासारखा सरकणारा एखादा जीव जन्मानं बुरशीच्या घराण्यातला निघतो. तोंडावरून जात ओळखायला गेलात तर फसाल.

इथं मी अडखळते.

कारण मी फसले नव्हते. मला माहीत होतं. सगळ्या नांदेडात तेव्हा बहुधा मला एकटीलाच माहीत होतं.

थांबा — असं नाही कळायचं. सुमित्राबद्दल आधी सांगायला हवं. की माझ्याबद्दल? माझ्याबद्दल काय सांगणार, मी प्राध्यापकाची मुलगी. नांदेडात घर, घरात पुस्तकं, वडील निवृत्त झाल्यावरही रोज इस्त्रीचा शर्ट घालून बसणारे. मी पीएच.डी. करणार हे मी शाळेत असतानाच ठरलेलं होतं. गोदावरीच्या काठच्या मातीतले अमिबा हा माझा विषय. चांगला होता. चांगला म्हणजे आधी दहा जणांनी केलेला होता. रोज जेवताना वडील विचारायचे, काय निघालं? आणि मी आमटी वाढून घेत म्हणायची, चाललंय.

सुमित्रा कंधारजवळच्या एका गावची. घरची शेती. बी.एस्सी. होईपर्यंत एस.टी.नं जा-ये केली, मग वसतिगृहात राहिली. आमचे सर एकच, खोली एक, सूक्ष्मदर्शकही एकच. आम्ही मैत्रिणी होतो. हे मी आता चांगलं दिसावं म्हणून म्हणत नाही, खरंच होतो. ती गावाकडून येताना माझ्यासाठी वेगळी बांधून ज्वारीची धपाटी आणायची. अमिबा वाढवायच्या माझ्या काचेच्या डिशवर नावं लिहायची, कारण माझं अक्षर गचाळ. तिच्या वडिलांनी तिला सांगून ठेवलं होतं, धाकटीचं लग्न आधी उरकतो, पण लोक तोंड वाजवतात, तवा तुझं जे काय संशोधन हाय ते लवकर दाखव, न्हाईतर तुझ्यासाठी पण बघतो. म्हणजे तिच्या हातात फार वेळ नव्हता. हे मला माहीत होतं. तिनंच सांगितलं होतं, हसत हसत.

तिला तो जीव सापडला तिच्या गावच्या बारवेत. दगडी पायऱ्यांची जुनी विहीर, खालच्या पायरीवरचं शेवाळ तिनं खरवडून बाटलीत आणलं. गोल, नितळ थेंबासारखा होता, आणि अंगातून चहूकडं बारीक धागे सोडलेले, सुईच्या टोकासारखे. माझ्या अमिबांचे पाय कसे, कणकेच्या गोळ्याला बोटं फुटल्यासारखे. ह्याचे तसे नव्हते. सर म्हणाले, वेगळा दिसतोय, वाढवा, पुरेसा झाला की डीएनए तपासायला पाठवू.

मी मात्र ग्रंथालयात गेले. का गेले? मैत्रिणीला मदत करायला, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. चार दिवस बसून वाचलं, चित्रं ताडून पाहिली. सुमित्राचा जीव माझ्या अमिबांच्या फांदीवरचा नव्हताच. तो बुरशीच्या बाजूचा होता, बुरशी आणि प्राणी जिथून वेगळे झाले त्या फाट्याजवळचा. असले जीव जगात मोजक्या लोकांनी पाहिलेले, आणि ही तो कंधारच्या बारवेतून पाण्याच्या बाटलीत घेऊन आली होती. कानामागून आली आणि तिखट झाली, हे मी तेव्हा मनात म्हटलं. मनात का होईना, म्हटलं.

मी तिला ते सांगितलं नाही. सरांनाही नाही. पुस्तक जागेवर ठेवून आले.

आता खाण्याचं सांगते, कारण सगळं तिथं आहे. आमच्या खोलीतली रीत अशी, अमिबाच्या डिशमध्ये गाळलेलं पाणी घालायचं आणि उकडलेल्या तांदळाचा एक दाणा टाकायचा. दाण्यावर जिवाणू वाढतात, अमिबा ते खातात. खोलीतल्या प्रत्येक डिशमध्ये तो दाणा असायचा. नवीन आलेल्याला पहिली गोष्ट तीच शिकवायची. सुमित्रानंही आधी तेच केलं होतं, आणि तिच्या पहिल्या डिश नासल्या होत्या. पाणी दुधासारखं झालं आणि ते थेंब फुटून गेले. मग तिनं रोज बघून बघून शोधून काढलं की हा जिवाणूंवर जगत नाही, शेवाळाच्या हिरव्या धाग्यांना तोंड लावतो आणि त्यांतलं शोषून घेतो. खिडकीत एका बाटलीत तिनं ते शेवाळ वाढवलं. तेव्हापासून तो तगला, हळूहळू वाढायला लागला.

धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. थोरलीनं गेल्याशिवाय कसं चालेल? हळद, लग्न, मांडव परतणी, सगळं करून मगच येणार. निघताना खांद्याला पिशवी, हातात बांगड्यांचा डबा, आणि ती दारातून परत आली. म्हणाली, "तांदूळ टाकू नको बरं का ह्याच्यात. ह्याला न्हाई चालत. नुस्तं ते हिरवं द्यायचं, एक दिवसाआड."

मी म्हणाले, "कळलं गं. तांदूळ नाही, हिरवं. जा तू, गाडी चुकेल."

हे मी स्वतःच्या तोंडानं म्हटलं. तुम्हाला का सांगतेय ते पुढं कळेल.

सुरुवातीला मी नीट केलं. खरंच केलं. हिरवं घातलं, पाणी बदललं. मग एका दुपारी सर व्हरांड्यात फोनवर पुण्याच्या कुणाशीतरी बोलत होते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या काहीतरी मोठं हाती लागलंय असं वाटतं, म्हणाले. आवाजात असा आनंद मी त्यांच्या कधी ऐकला नव्हता. मी माझ्या डिशसाठी तांदूळ उकडून बसले होते. माझ्या डिशमध्ये एकेक दाणा टाकला. चमच्यात काही दाणे उरले.

तुम्हाला काय वाटतं, माणूस त्या वेळी फार विचार करतो? हात थरथरतो? माझा थरथरला नाही. मी सुमित्राच्या डिश उघडल्या आणि एकेका दाण्यानं सगळ्या संपवल्या. बहुतेक गुणगुणतही होते. झाकणं लावली, हात धुतले, घरी गेले, जेवले. वडिलांनी विचारलं, काय निघालं? मी म्हणाले, चाललंय.

आणि हा तांदूळच का, हेही सांगून टाकते. डिश पालथी घातली असती तर चोरी उघडी पडली असती. उपाशी ठेवले असते तर कामचुकार ठरले असते. पण तांदूळ? तांदूळ तर सगळेच टाकतात. अमिबा दिसला की दाणा टाकायचा, हात आपोआप जातो. चूक म्हणून खपणार होती ती. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि केसही मी शोधून शोधून बारीक निवडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डिश पाहिल्या. पाणी जरा धुरकट झालं होतं. भिंगाखाली बघितलं तर पुष्कळ जिवंत होते. धागे आखडून घेतले होते, पण जिवंत होते. दाणे काढता आले असते. पाणी बदललं असतं तर निम्मे तरी वाचले असते. मी बघत बसले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही बघितलं. रागाच्या भरात एखादी गोष्ट होऊन जाते म्हणतात ना? माझ्याकडं तेवढंही नाही. मी रोज खुर्ची ओढून, डोळा लावून बघत होते. एकेक थेंब फुगायचा, हलायचं थांबायचा, आणि मग तिथं काहीच नसायचं.

सुमित्रा आली, हातावर मेंदी तशीच होती. तिनं झाकण उघडलं आणि वासावरूनच तिला कळलं. ती रडली नाही. एकेक डिश भिंगाखाली घेत गेली, शेवटच्या डिशपर्यंत. सर आले. मला म्हणाले, अमिबा म्हणजे सगळे एकच समजलीस काय? एवढं साधं कळू नये? तीन वर्षं काय केलंस इथं?

मी मान खाली घातली. जिनं त्याचं घराणं सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं ती मी, अडाणी म्हणून उभी राहिले. सोपं होतं. शहाण्याला अडाणी व्हायला काय लागतं?

आणि तेवढ्यात सुमित्रा बोलली. "सर, तिला काय बोलू नका. मीच गडबडीत सांगायचं इसरले."

मी वर बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ती डिश गोळा करत होती. तिला खरंच आठवत नव्हतं, की आठवत होतं आणि ती मला वाचवत होती? तेव्हा मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्यानं तिचं वाक्य खरं होऊन गेलं.

ती पुन्हा बारवेवर गेली. पण लग्नाला पाहुणे येणार, पाणी प्यायला बारवेचंच, म्हणून गावकऱ्यांनी हळदीच्या आधी गाळ उपसून ब्लिचिंग पावडर टाकली होती. पायऱ्या घासून पांढऱ्या केल्या होत्या. तिच्या स्वतःच्या बहिणीच्या लग्नासाठी! मला ते कळलं तेव्हा — सांगायची लाज वाटते — मला सुटल्यासारखं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला. आता तो परत सापडणार नव्हता, आणि तो काय होता हे कुणाला कळणारही नव्हतं. ती पुढं कितीतरी विहिरींवर बाटल्या घेऊन फिरली. दोन-तीनदा मीही तिच्याबरोबर गेले. हो, गेले. पायऱ्या उतरताना तिचा हात धरायला.

पावसाळा संपेपर्यंत तिच्या वडिलांनी स्थळ बघितलं. शिरूर अनंतपाळचं. मुलगा शिक्षक. तिनं फार विरोध केला नाही. मला म्हणाली, माझ्याच्यानं एक गोष्ट नीट सांगणं झालं न्हाई, मी काय संशोधन करू? मी म्हणाले, असं म्हणू नको. एवढंच म्हणाले.

माझी पीएच.डी. झाली. दहा जणांनी केलेल्या विषयाची अकरावी. वडिलांनी पेढे वाटले. त्यांच्या शर्टाची इस्त्री त्या दिवशी विशेष कडक होती.

तुम्हाला वाटेल, मग झालं, ही जुनी गोष्ट, तरुण वयातला मत्सर, कुणाच्या हातून होत नाही? मीही वर्षानुवर्षं तसंच वाटून घेतलं. तेवढंच असतं तर कदाचित मी हे आणखी काही वर्षं दाबून ठेवलं असतं. पण मी जे सांगायला बसले ते तांदळाचं नाही. तांदूळ ही तिथवर जायची वाट झाली.

ह्या वर्षी लातूरला शाळेतल्या विज्ञान शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. मला बोलावलं होतं, जीवांचं नवं वर्गीकरण ह्या विषयावर. मी फळ्यावर माझं खोड काढलं, फांद्या काढल्या आणि मागं वळले तर सुमित्रा समोर बसलेली. केस पांढरे झालेले, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर पर्स. ती नववीला विज्ञान शिकवते. मी अमिबाच्या चेहऱ्याच्या पण बुरशीच्या घराण्यातल्या जीवांवर आले. टाळता आलं असतं, पण पुढच्या चित्रात तोच होता, पडद्यावर मोठा. नितळ थेंब, चहूकडं धागे. मी बोलत राहिले. कसं बोलले माहीत नाही. ती चष्मा काढून पदरानं पुसत होती, पुन्हा घालत होती, पुन्हा पुसत होती.

नंतर चहाला ती माझ्याजवळ आली. आम्ही इकडतिकडचं बोललो. तिचा मुलगा पुण्याला असतो, सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. मग ती म्हणाली, आपलाच होता की गं तो. मी म्हणाले, असावा. भज्यांची प्लेट तशीच होती.

"एक विचारू?" ती म्हणाली. "राग नको येऊ देऊ. त्या दिवशी निघताना मी तुला तांदळाचं सांगितलं होतं का न्हाई? मला मधूनमधून वाटतं, सांगितलं होतं. दारातून परत आले होते, असं आठवतं. मग वाटतं, हा आपला मनाचा खेळ हाय. लई वर्षं झाली, पण डोक्यातून जात न्हाई बघ."

म्हणजे तिनं तेव्हा मला वाचवलं नव्हतं. तिनं खरंच स्वतःलाच दोषी धरलं होतं. सर ओरडत होते, मी मान खाली घालून उभी होते, आणि त्या गोंधळात तिला वाटलं चूक आपलीच असणार, कारण मैत्रीण असं कशाला करेल? तेव्हापासून ती स्वतःच्या आठवणीशी भांडत होती. आणि आठवण खरी होती. पिशवी, बांगड्यांचा डबा, दार, सगळं जिथल्या तिथं होतं. त्याला साक्षीदार जगात एकच, मी. तिला काय हवं होतं? पदवी नको होती, माफी नको होती. फक्त एक 'हो' हवा होता. आता त्यानं माझंही काय जाणार होतं? नोकरी जाणार नव्हती. सर हयात नाहीत. वडील नाहीत.

मी तिच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "नाही गं. सांगितलं नव्हतंस."

तिनं कप खाली ठेवला. मग हसली, मोकळी झाल्यासारखी. म्हणाली, "मग बरं झालं विचारलं. इतकी वर्षं मनात तुझ्याबद्दल वाईट आणत आले बघ मी. कधी कधी तर वाटायचं, तू मुद्दाम... जाऊ दे. माझंच चुकलं होतं. मला माफ कर."

तिनं हात जोडले होते. आजूबाजूला लोक होते, मी ते हात खाली केले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "सोड गं. मी कधी मनात ठेवलंच नाही."